चादरीवरची नवरी

आता तुम्हाला काय सांगू, ऐन लग्नात मीच माझ्या पायावर धोंडा पाडून घेतला! हसा, पण चहा सांडू नका.

सत्तर सालाच्या पुढची वर्षं. सोलापुरात एका चादरीच्या कारखान्यात मी नक्षी काढायचो. नक्षीवरून पुठ्ठ्यांना भोकं पाडायची, त्या पुठ्ठ्यांची माळ मागावर चढवायची, की भोकांप्रमाणं चादर विणली जायची. मालक म्हणाले, "मल्लिनाथ, तुझ्या लग्नाचा आहेर आपल्याच मागावर! मोर काढ, खाली नवरानवरीची नावं घाल."

मी कसला थांबतोय? अकलूजची शकुंतला नुसती बघून आलो होतो, तेवढ्यावर माळ तयार! वर चिठ्ठी लावली, 'पक्का'. मोराची मान वाकडी आली. दुसरी माळ केली. चिठ्ठी, 'एकदम पक्का'.

आणि सोयरीक मोडली!

सांगायचं कुणाला? कारखान्यात लाजेनं गप्प बसलो. माळा टाकवेनात, आठ-आठ दिवसांची मेहनत ती! पुढं होटगीची महादेवी ठरली. तिची माळ केली. चिठ्ठीवर आता काय लिहू? 'नवा पक्का'!

लग्नाच्या आठवड्यात जिवाला थारा नव्हता. बसलो की उठायचो, उठलो की घड्याळ बघायचो. रजेवर निघताना विणकर रामलूअण्णांना ओरडून सांगितलं, "अण्णा, ती पक्की माळ चढवा!"

"कुटली? हितं तीन पक्के हायत की!"

"सगळ्यात पक्की!" म्हणालो आणि सायकलवर टांग टाकली.

होटगीत मांडव भरलेला. अक्षता पडायच्या आधीच मालकांनी आहेर सासऱ्यांच्या हातात दिला. चादर उलगडली. मोर काय झकास! मान सरळ! आणि खाली ठसठशीत अक्षरं: मल्लिनाथ – शकुंतला.

मी चादर गुंडाळायला धावलो, पण उशीर झाला होता!

"ही कोण ओ, जावईबापू?" सासरे म्हणाले. बायका कानडीत कुजबुजायला लागल्या. अण्णा बिचारे मागून म्हणतात, "एकदम पक्का म्हंजे सगळ्यात पक्का न्हवं व्हय?"

काय करणार? चिठ्ठ्यांसकट सगळं सांगून टाकलं. सासरे चादरीची घडी घालायला लागले. संपलं, म्हटलं, हेही लग्न मोडलं!

तेवढ्यात मुंडावळ्या सावरत महादेवीच बोलली, "अवो, चिठ्ठीवर नुसता आकडा घालायचा की! एक, दोन, तीन. मी कितवी, ते तरी कळलं असतं!"

सासऱ्यांनाच आधी हसू फुटलं, मग मांडवाला. लग्न लागलं.

कामावर परतलो ते आधी सगळ्या माळांवर आकडे घातले. मालकांनी महादेवीच्या नावाची चादर नव्यानं विणून दिली. ती तिनं पेटीत जपून ठेवलीय. मला पांघरायला रोज शकुंतलाचीच देते. आणि धुवायला पण मलाच लावते!