वाळलेला रंग

आमच्या सोसायटीनं बागेतल्या लाकडी गझिबोला, म्हणजे बसायच्या छपरीला, रंग दिला आणि टर्पेंटाइनच्या वासानं मी थेट चाकणच्या जुन्या कंपनीत पोचलो. तिथल्या बागेतला गझिबो मीच पॉलिश पेपरनं घासून रंगवला होता. साहेबांनी ‘रंग ओला आहे’ अशी पाटी लावली. रंग दोन दिवसांत वाळला, पाटी उन्हाळाभर राहिली. आम्ही कामगारांनी डबे उन्हात खाल्ले.

विचारलं तर साहेब म्हणाले, “राहू दे रे, नाहीतर कोणीही येऊन बसतं.”

तेव्हा मला ती शिस्त वाटली. ‘कोणीही’ म्हणजे आम्हीच, हे आज डोक्यात शिरलं. आठवडा झाला तरी इथंही तीच पाटी, आणि झाडलोट करणाऱ्या मावशी पार्किंगमध्ये भाकरी खातायत.

रंगाला बोट लावलं. खडखडीत कोरडा. मी पाटी उपटली.

“मावशी, आत बसा. भाकरी ह्या पाटीवर ठेवा.”