न मोजलेली खोली

हवाबाई हे नाव तिला कंत्राटदारांनी ठेवलं होतं, आणि त्यात थोडा वचकही होता. नवी इमारत उभी राहिली की खोल्याखोल्यांत यंत्राची हवा नकाशात लिहिली आहे तेवढी येते की नाही, हे ती तपासायची. शिडीवर चढायचं, छताच्या जाळीला कापडी टोप लावायचा, त्याच्या मीटरवरचा आकडा वाचायचा. आकडा कमी आला की कंत्राटदाराची गय नाही. हे काम करायला प्रमाणपत्र लागायचं, ते तिच्याकडे होतं, आणि गावभर तिच्या सहीला मान होता.

मग उजवा गुडघा कुरकुरायला लागला. तिने कुणालाच सांगितलं नाही, नवऱ्यालासुद्धा. जन्मभर शिडीवर उभी राहून पुरुषांना हुकूम सोडले, आता त्याच पुरुषांना ‘मला चढवत नाही’ म्हणायचं तिच्या जिवावर आलं. इस्पितळाच्या नव्या इमारतीत खालचा मजला तिने दातओठ खाऊन मोजला. वरच्या मजल्यावर मात्र शिडी भिंतीला टेकवून ठेवली, यंत्राच्या पंख्याचा वेग बघितला आणि अंदाजाने आकडे भरले. एवढ्या वर्षांचा हात आहे, चुकून चुकणार किती, अशी स्वतःची समजूतही घातली.

प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचा तपासनीस आला तेव्हा इमारत सुरू होऊन बरेच दिवस झाले होते. माणूस मऊ बोलणारा, जरासा लाजाळूच. संस्थेची पद्धत अशी की तपासनीस मनाला येईल ती खोली निवडणार आणि प्रमाणपत्रवाल्याने ती त्याच्यासमोर पुन्हा मोजायची. त्याने वरच्या मजल्यावरची, भाजलेल्या रुग्णांच्या पट्ट्या बदलायची खोली निवडली.

ती शिडी चढली. दोन पायऱ्यांवर गुडघ्यातून अशी कळ आली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. तपासनीसाने शिडी घट्ट धरली, आणि तेच तिला सगळ्यात जास्त लागलं. टोप जाळीला लावला. आकडा पाहिजे त्याच्या निम्मासुद्धा नव्हता.

तेवढ्यात नर्सताई आत आल्या. यंत्र बिघडलंय का, असं त्यांनी सहज विचारलं. खोलीत कोंदट वाटतं अशी रुग्णांची तक्रार होती म्हणे, पण तपासणी झाल्याचं पत्रक दारावर चिकटवलेलं होतं.

“म्हणून आम्ही त्यांनाच समजावायचो,” त्या म्हणाल्या, “की हा तुमच्या मनाचा भास आहे.”

हवाबाई शिडीवरच थांबली. मग एकेक पायरी धरत खाली उतरली.

तपासनीसाने शिडीवर चढून छताची फळी सरकवली आणि बॅटरी मारली. हवेच्या नळातली झडप जवळजवळ बंद होती. त्याने फळी परत लावली, खाली उतरून हात झटकले आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, “तुमच्या मोजणीनंतर कुणीतरी हात लावला असेल. असं होतं कधी कधी.”

पळवाट आयती समोर आली होती. तिने फक्त मान डोलवायची होती. ती डोलवलीही असती, पण नर्सताई तिथेच उभ्या होत्या, हातात स्वच्छ पट्ट्यांचा ट्रे घेऊन.

“नाही,” ती म्हणाली. “मी ही खोली मोजलीच नव्हती. हा मजलाच मोजला नाही.”

तपासनीसाचे कान लाल झाले. जणू चूक त्याचीच होती.

प्रमाणपत्र स्थगित झालं. तिच्या हाताखालून गेलेल्या जुन्या इमारतीसुद्धा दुसऱ्यांकडून पुन्हा तपासून घ्यायचं ठरलं. त्या नीट निघाल्या, पण त्याचं तिला सुख वाटलं नाही. घरी तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. तो रागावेल असं तिला वाटलं होतं. त्याने तिच्या पायाकडे बघितलं. मग म्हणाला, “रोज जिना उतरताना माझ्या खांद्याला धरायचीस. मला वाटायचं, लाडात येतेस.” त्यावर हसावं की रडावं हे तिला कळेना.

गुडघ्याचं ऑपरेशन झालं. काठी टेकत ती एकदा इस्पितळात गेली, माफी मागायचं मनाशी घोकून. दारातच नर्सताईंनी हाताने थांबवलं, आत पट्टी बदलणं चाललं होतं. ती बाहेरच्या बाकावर बसली. आतून कुणीतरी कण्हत होतं. बऱ्याच वेळाने नर्सताई बाहेर आल्या, तिला ओळखलं, गुडघा कसा आहे ते विचारलं, आता हवा छान येते असंही म्हणाल्या. मग दुसरीकडून हाक आली आणि त्या लगबगीने निघून गेल्या.

घोकलेलं वाक्य तोंडातच राहिलं. हवाबाई काठी सावरत उठली आणि मान खाली घालून, कुणाच्या नजरेला नजर न देता, जिन्याकडे वळली.