वाटीतली शेव

उकळत्या आमटीत दिवाळीची उरलेली शेव पडली, की ओव्याचा वास सुटतो आणि मला दिघीला माहेरच्या घरातलं ते जेवण आठवतं. दादा कंपनीत मशीनखाली सापडून गेला, त्या वर्षीची दिवाळी. दुःखामुळे आमच्याकडे कढई चढली नव्हती. फराळ शेजाऱ्यांनी आणून दिलेला. एरवी दादा सेकंड शिफ्टला असला, की आई त्याची शेव वाटीत काढून ठेवायची, कुरकुरीत राहावी म्हणून. त्या संध्याकाळी तिनं सगळा डबा आमटीत पालथा केला.

“आई, नुसता लगदा झालाय!” मी चिडून म्हणाले.

“मग कुणासाठी ठेवू बाजूला?” आई म्हणाली. बाबा मान खाली घालून जेवत राहिले.

आज माझा नवरा सेकंड शिफ्टला आहे. त्याची वाटी झाकून ठेवलीय. तो दारात दिसेपर्यंत माझ्या घशाखाली घास उतरत नाही.