आधी तुम्ही काय करत होता?

मी एसटीत कंडक्टर होते. आज हे वाक्य सहज लिहिलं जातंय, पण नाशिकच्या आमच्या समुपदेशन केंद्रात मी शिकाऊ म्हणून रुजू झाले तेव्हा पहिले दोन महिने ते माझ्या तोंडून बाहेर पडत नव्हतं.

सोळा वर्षं गाडीवर काढली मी. बहुतेक वेळा नाशिक–सटाणा, कधी येवला, आणि चैत्रात वणीच्या जादा गाड्या. एका दुपारी सटाण्याच्या गाडीत एक बाई चढली. हातात पिशवी नाही, पायांत दोन वेगवेगळ्या चपला. मी विचारलं, "कुठलं तिकीट देऊ?" ती म्हणाली, "गाडी जाते तिथवरचं द्या." पिंपळगावला गर्दी कमी झाली तशी मी तिच्या शेजारी जाऊन बसले. ती खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "मला घरी जायचं नाहीये, एवढंच कळतंय." मी तिला पाणी दिलं, डब्यातली अर्धी भाकरी दिली. सटाण्याच्या स्टँडवर कंट्रोल केबिनमध्ये बसवलं. बहिणीचा नंबर तिला पाठ होता, तो लावून दिला. तासाभरात बहीण आली आणि तिला घेऊन गेली. पुढे तिचं काय झालं मला माहीत नाही. चांगलंच झालं असेल असं मी धरून चालते. पण त्या प्रवासात मला एक धड वाक्य सुचलं नाही, ही गोष्ट माझ्या मनातून जाईना.

बी.ए. झालेलंच होतं. त्याच वर्षी बाहेरून मानसशास्त्राच्या एम.ए.चा फॉर्म भरला. गाडी लागायला वेळ असला की स्टँडवरच्या बाकावर नोट्स उघडायच्या. आमचे एक ड्रायव्हर गाडी सुरू करताना विचारायचे, "काय बाई, आज कुठला धडा?" त्यांना मी धडा सांगायचे आणि ते आपल्या चुलतभावाचं उदाहरण द्यायचे. चुलतभाऊ प्रत्येक धड्यात बसायचा. पुढे कमरेच्या दुखण्यानं गाडीवर उभं राहणं जमेना, तेव्हा मी नोकरी सोडली. घरचे म्हणाले, आता आराम कर. मी म्हटलं, आराम कसला, आता तर शिकायला जायचंय.

केंद्र पंचवटीत होतं, एका जुन्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर. दोन खोल्या, एक लांब व्हरांडा, बाहेर चपलांचं स्टँड. ज्यांना मोठ्या दवाखान्यात जायला संकोच वाटतो अशी आसपासची माणसं तिथे यायची. केंद्र चालवणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणायचे. पहिल्याच बुधवारी त्यांनी चहा मागवला आणि म्हणाल्या, "प्रत्येकानं आधी काय करत होता ते सांगायचं. डिग्री नको, ती फाईलला लावलेली आहे."

सुरुवात त्यांनी स्वतःपासून केली. येवल्यात पैठणी विणणाऱ्या घरात त्या वाढल्या. बाविसाव्या वर्षापर्यंत स्वतः मागावर बसल्या. "एक धागा तुटला तर अख्खी साडी फाडत नाही कोणी," एवढंच म्हणून त्यांनी चहाचा कप उचलला. त्यांच्या शेजारी एक निवृत्त सर होते, गणिताचे. ते म्हणाले, "मी तीस वर्षं मुलांना गप्प बसवलं. आता तीच मुलं बायकामुलांना घेऊन येतात, तर त्यांना बोलतं करतोय. जुनी बाकी फेडतोय म्हणा." सगळे हसले, पण सर हसले नाहीत.

मग माझी पाळी. मी म्हणाले, "घर सांभाळून शिकले." खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. माझ्यानंतर माझ्याबरोबरच रुजू झालेली एक मुलगी होती, पंचविशीची. इस्त्रीचा कुर्ता, बोलणं एकदम स्वच्छ, पुस्तकातल्यासारखं. ती म्हणाली, "माझं सगळं शिक्षण पुण्यात झालं." तिलाही कुणी पुढे काही विचारलं नाही. ताईंनी दोघींकडे बघितलं आणि म्हणाल्या, "ठीक आहे. सांगावंसं वाटेल तेव्हा सांगा."

पुढची गोष्ट मी त्या घरच्यांची परवानगी घेऊन आणि ओळखीच्या खुणा बदलून सांगते आहे.

श्रावणात एक तरुण आपल्या आईला घेऊन आला. अंबडच्या कारखान्यात कामाला, पाथर्डी फाट्याजवळ फ्लॅट. वडील गेल्यावर त्यानं आईला सटाण्याजवळच्या गावाहून इकडे आणलं होतं. "आई बोलतच नाही," तो म्हणाला. "सगळ्या तपासण्या झाल्या, डॉक्टर म्हणतात काही नाही. जेवते, झोपते, पण बोलत नाही. गावाकडे तर अख्ख्या गल्लीला ऐकू जायचा तिचा आवाज."

ताईंनी त्यांना माझ्याकडे दिलं. पहिल्या दोन भेटींत मी जे जे शिकले होते ते सगळं केलं. शांत बसले, घाई केली नाही, सोपे प्रश्न विचारले. आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत "हो", "नाही" एवढंच म्हणायच्या. तिसऱ्या वेळी व्हरांड्यात वाट बघत बसलेल्या असताना मला त्यांचं पुटपुटणं ऐकू आलं. खाली कुणाची तरी शेळी ओरडत होती आणि या तिला म्हणत होत्या, "काय व माय, भूक लागनी का तुले?"

अहिराणी! सटाण्याच्या गाडीवर मी वर्षानुवर्षं ऐकलेली. मी लगेच आत बोलावून त्यांच्याशी तोडकंमोडकं अहिराणी बोलून पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं, पण माझी अहिराणी तिकिटापुरती. कुठे उतरायचं, सामान कुठे ठेवायचं, सुटे आहेत का, यापलीकडे मला जाता येईना. दोन वाक्यांनंतर मी परत शहरी मराठीत आले आणि त्या परत गप्प झाल्या.

मी माझ्याबरोबर रुजू झालेल्या त्या मुलीला विचारलं, "तुला अहिराणी येते का गं?"

"नाही," ती म्हणाली. फार पटकन म्हणाली.

त्याच आठवड्यात मी केंद्राच्या गच्चीवर वाळत घातलेले टॉवेल काढायला गेले. ती टाकीमागे उभी राहून फोनवर आईशी बोलत होती. "मी जेवनी, तू जेवनी का? दादा उना का घर?" आवाजसुद्धा वेगळा, मोकळा, मोठा. मला बघितलं आणि तिनं फोन बंद केला. चेहरा उतरला.

मला रागावता आलं असतं. पण मी तरी कोण होते रागावणारी? मी टॉवेल खांद्यावर टाकले आणि म्हणाले, "मी सोळा वर्षं एसटीत कंडक्टर होते. सटाण्याची गाडी. तू लहान असताना कदाचित मीच तुझं अर्धं तिकीट फाडलं असेल."

तिनं फोन खिशात ठेवला. "मग तुम्ही त्या दिवशी सांगितलं का नाही?"

"वाटलं, लोक म्हणतील काल तिकिटं फाडत होती, आज आमच्या मनाचं सांगायला बसली."

ती टाकीला टेकून बसली. मग तिनं सांगितलं. पुण्यात कॉलेजच्या पहिल्या वर्षी वर्गात ती घाईघाईत "माले समजनं नही" म्हणाली होती. पुढची तीन वर्षं मुलं तिला "मालेगाव" म्हणून हाक मारायची. "मी मालेगावची नाहीच मुळी, सटाण्याची आहे. पण त्यांना काय फरक पडत होता?" आरशासमोर उभं राहून तिनं स्वतःची भाषा बदलली. एक एक शब्द घासून. "मला वाटलं, या कामाला तर शुद्धच भाषा लागणार."

मी म्हटलं, "त्या आईंना शुद्ध भाषेनंच गप्प केलंय की काय, कोण जाणे."

हे मी अंदाजानं बोलले होते. पुढच्या भेटीला ती माझ्या शेजारी बसली. हात मांडीवर घट्ट धरलेले. मी तिची ओळख करून दिली. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं आणि त्या आईंना म्हणाली, "माय, तू कोठली शेस? मी सटाणानी शे."

त्या आईंनी पदराचं टोक सोडलं. खुर्ची पुढे ओढली. "सटाणानी? कोन गल्लीनी?" आणि त्यानंतर पाऊण तास मी फक्त ऐकत होते. निम्मं समजत होतं, निम्मं चेहऱ्यावरून कळत होतं. नवऱ्याचं आजारपण, चूल, दारातला लिंब. मग नाशिकचं घर. नातू चांगल्या शाळेत जातो, आजीनं काही म्हटलं की तो लाडानं सुधारायचा, "आजी, असं नसतं, तसं म्हणतात." सून हसायची, वाईट हेतूनं नव्हे. पण एकदा बिल्डिंगमधल्या बायकांसमोर सगळ्याच हसल्या, आणि त्या दिवसापासून यांनी ठरवलं की चुकायला नको म्हणून बोलायलाच नको. "आठे कोनीच बोलत नही मन्हासंगे," इथे माझ्याशी कुणीच बोलत नाही, असं त्या म्हणाल्या, आणि नवरा गेल्यापासून पहिल्यांदा त्या मोठ्यानं रडल्या. माझ्या शेजारच्या मुलीच्या डोळ्यांतही पाणी होतं. ती उठली नाही, तिथेच बसून राहिली.

बाहेर आल्यावर मी ताईंना सांगितलं, "ही केस तिला द्या. माझ्यापेक्षा तिची आहे." ताईंनी मान हलवली. "आणि तुमचं काय?" मी म्हणाले, "मी एसटीत कंडक्टर होते." ताई म्हणाल्या, "मला माहीत होतं. माझं माहेर येवल्याचं आहे, बाई. तुम्ही एकदा माझ्या आईला स्टँडवर उतरवून, रस्ता ओलांडून रिक्षात बसवलं होतं. ती इथे आली तेव्हा तिनंच तुम्हाला ओळखलं, अजून सांगते." मला ती आई आठवेना, कितीही प्रयत्न केला तरी. पण त्या रात्री झोप चांगली लागली.

भेटी चार महिने चालल्या. एकदम चमत्कार झाला नाही. मध्ये दोन आठवडे त्या आल्याच नाहीत. मुलगा म्हणाला, गावी जायचा हट्ट धरून बसली आहे. आमच्या शिकाऊ मुलीनं घरच्यांनाही एकदा बोलावलं. नातवाला म्हणाली, "तुला आजीची भाषा येत नाही, मला येते. शिकवू?" त्याला ते एकदम भारी वाटलं. पुढच्या वेळी तो आजीला जिन्यातूनच विचारत आला, "काय करस व आजी?" दिवाळीनंतर कांद्याची लावण सुरू झाली तेव्हा त्या महिनाभर गावी जाऊन राहिल्या आणि आपणहून परत आल्या. येताना आमच्यासाठी शेंगदाण्याची चटणी आणली. इतकी तिखट, की सर दोन तांबे पाणी प्यायले.

माझ्याबरोबरची ती मुलगी आता आठवड्यातून एक दिवस सटाण्याला जाते. तिथल्या एका शाळेत तिनं बायकांचा गट सुरू केलाय. परवा फोनवर सांगत होती, पहिल्या दिवशी तीन जणी आल्या होत्या, आता सतरंजी पुरत नाही.

मीही आता शिकाऊ राहिलेले नाही. गेल्या महिन्यात दुपारी केंद्राच्या दारावर थाप पडली. बघते तर त्या आईंची सून, एकटीच. मला वाटलं घरी काही झालं. मी विचारलं, "आई बऱ्या आहेत ना?"

"आई मस्त आहेत," ती म्हणाली. चप्पल काढून उंबऱ्यातच उभी राहिली. "त्यांच्यासाठी नाही आले. माझ्यासाठी वेळ मिळेल का? त्या म्हणाल्या, तू जा, तुलाही कुणाशी तरी बोलायला हवं."

मी ताईंना विचारलं. सासूबाई त्या मुलीकडे येत होत्या आणि आता सून माझ्याकडे, चालेल ना? ताई म्हणाल्या, "खोल्या दोन आहेत, माणसं दोन आहेत. एकीचं दुसरीला सांगायचं नाही, बस." मी खिडकी उघडली, पंखा हळू केला. ती बसली आणि आधी सकाळच्या तीन डब्यांबद्दल बोलली, मग मुलाच्या शाळेच्या बसबद्दल, मग खिडकीबाहेर बघत बसली. मला काही सुचवायची घाई झाली नाही. मी पाण्याचा ग्लास तिच्याकडे सरकवला. ती म्हणाली, "लग्नाआधी मी नर्सिंगला होते, ते कुणाला माहीतच नाही इथे," आणि बोलू लागली.