उलटी झुकणारी ज्योत

जयपूरच्या गोपालपुऱ्यातल्या त्या कोचिंगच्या संचालकाला मी पहिल्या भेटीतच आवडले नाही, आणि मलाही तो आवडला नाही. सगळे त्याला सर म्हणत. त्याच्याबद्दल लिहिताना 'ते' म्हणायची माझी अजूनही तयारी नाही.

त्याच्या पुस्तकांच्या नकली प्रती बाजारात विकल्या जात होत्या, म्हणून मुखपृष्ठावर लावायला त्याला होलोग्रामचा स्टिकर हवा होता. असे स्टिकर बनवणाऱ्या, झालाना भागातल्या एका छोट्या कंपनीत मी डिझाइन करते. नवऱ्याची बँकेतली बदली जयपूरला झाली तेव्हा पुण्याच्या प्रयोगशाळेतली नोकरी सोडावी लागली. प्रकाशशास्त्र शिकलेल्या बाईला इथे हेच काम मिळालं, आणि ते मला मनापासून आवडलं.

बोलणी हिंदीत चालली होती. माझं पहिलं चित्र बघून तो म्हणाला, "चमक कमी आहे."

"चमक कोणीही आणू शकतं," मी म्हटलं. "स्टिकर हातात घेतल्यावर नेमकं काय बघायचं, हे माणसाला कळलं पाहिजे."

"लोक काही बघत नाहीत, मॅडम. स्टिकर आहे ना, एवढंच बघतात."

"मग मी बघायला लावीन."

तो माझ्या मालकांकडे वळला. "तुमच्याकडे दुसरा कोणी डिझायनर नाही?"

मालक हसले. मला मुळीच हसू आलं नाही.

त्याच्या संस्थेचं चिन्ह होतं ज्योत. होलोग्राम म्हणजे फिल्मवर दाबून उठवलेल्या अतिशय बारीक रेघा. त्या कोणत्या दिशेने आखल्या यावर कुठल्या कोनातून काय दिसेल ते ठरतं. मी असं जमवलं की स्टिकर कलता केला की ज्योत झुकावी. पहिला साचा तयार झाला, त्यावरून थोडे नमुने काढले आणि त्याला दिले. ते एकट्या त्यालाच दिले होते. पण ते नमुने हातात फिरवताना मला काहीतरी खटकत होतं. स्टिकर उजवीकडे कलता केला की ज्योत डावीकडे जायची. हात एकीकडे आणि डोळा दुसरीकडे. मालक म्हणाले, कुणाच्या लक्षात येणार आहे? मी हट्टाने रेघा उलट्या आखून साचा नव्याने करवून घेतला. पहिल्या सत्राच्या पुस्तकांसाठी छपाई झाली ती सगळी त्या दुसऱ्या साच्यावरून. उजवीकडे कलता केला की ज्योत उजवीकडे. संचालकाला मी हे सांगितलंही होतं, पण तेव्हा तो फोनवर बोलत होता.

माझी मुलगी त्याच्याच कोचिंगला जात होती. ओळखीने नाही, परीक्षा देऊन तिने जागा मिळवली होती. आपली आई तिथले स्टिकर बनवते हे तिने मैत्रिणींना सांगितलं नव्हतं. मराठी ती माझ्याशी बोलते, पण रागावली की अर्धी हिंदीत जाते.

एका संध्याकाळी तिने दुसऱ्या सत्राची नवी पुस्तकं टेबलावर ठेवली. मी सवयीने वरचं उचलून कलतं केलं. ज्योत उलटी झुकली. दुसरं उचललं, तेही तसंच. भिंगातून बघितलं, तर रेघांच्या कडा बोथट होत्या. कुणीतरी तयार स्टिकरवरून साचा उतरवून हे छापले होते. बाजारातल्या स्टिकरवरून साचा उतरवला असता, तर ज्योत सरळ झुकली असती. उलटी ज्योत फक्त त्या नमुन्यांत होती.

"ही पुस्तकं कुठून घेतलीस?"

"कुठून म्हणजे? काउंटरवरून. सगळ्यांना तिथेच देतात."

मी तिला समजावून सांगितलं, की तिच्या सरांनीच आपल्या होलोग्रामची नक्कल करवून घेतली आहे, आमच्याकडून विकत घ्यायला नकोत म्हणून. तिचा चेहरा ताठ झाला.

"आई, तू कुणाला काही बोलू नकोस. मतलब, मला रोज तिथे जाऊन बसायचंय ना. तुला नाही."

मी गप्प बसले असते की नाही, ते मला ठाऊक नाही. पण त्याच आठवड्यात जयपूरजवळच्या बस्सी गावच्या एका पालकाने मुलाची दोन्ही सत्रांची पुस्तकं शेजारी ठेवून मोबाइलवर व्हिडिओ काढला. ज्योती एकमेकींच्या विरुद्ध झुकत होत्या. आम्हाला डुप्लिकेट पुस्तकं देतात, असं म्हणत त्याने तो पालकांच्या ग्रुपवर टाकला. दुसऱ्या दिवशी संचालक आमच्या ऑफिसात येऊन बसला.

"तुमच्या बाईंना एक ज्योत धड काढता येत नाही," तो मालकांना म्हणाला. माझ्याकडे बघितलंही नाही. "माझी इज्जत गेली. तुमची चूक आहे असं लेखी द्या."

"चूक नाही," मी म्हटलं. "दुसऱ्या सत्राचे स्टिकर आमचे नाहीतच. ते तुम्हाला दिलेल्या नमुन्यावरून कुणीतरी छापले आहेत."

"मला चोर म्हणताय?"

"नमुने कुणाला दिलेत ते तुम्ही सांगा. मी तेवढंच विचारते आहे."

"बाजारात शेकडो चोर आहेत. त्यांच्याकडची पुस्तकं आणून इथे मला दाखवणार तुम्ही?"

मी पिशवीतून पुस्तक काढून त्याच्यासमोर ठेवलं. "हे तुमच्या काउंटरवरून घेतलेलं आहे. माझी मुलगी तुमच्याकडे शिकते."

त्याने तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "कुठल्या बॅचला?" त्याने अगदी सावकाश विचारलं.

मालक मला म्हणाले, "तुम्ही जरा बाहेर बसा."

मी बाहेर बसले. आतून आधी चढे आवाज आले, मग चहा मागवला गेला. दार उघडलं तेव्हा दोघं हात मिळवत होते. संचालक गेल्यावर मालक खुशीत म्हणाले, "तुमच्यामुळे काम झालं. आता त्याच्या सगळ्या शाखांचे स्टिकर आपल्याकडे. दुसरीकडून छापणार नाही म्हणाला."

"आणि पालकांना काय सांगणार?"

"आपली तांत्रिक चूक झाली, असं तो सांगेल. त्याने आपलं काय बिघडतं?"

"माझं बिघडतं."

"तुमचं नाव कुठे येतंय त्यात?"

संस्थेच्या दाराशी तशी सूचना लागली. होलोग्राम बनवणाऱ्या कंपनीच्या दोषाबद्दल दिलगिरी. मी स्वतः जाऊन ती वाचली. तिथेच तो बस्सीचा पालक मुलाची वाट बघत उभा होता. व्हिडिओतल्या आवाजावरून मी त्याला ओळखलं. मी कोण ते सांगितलं, आणि त्याने जे बघितलं ते बरोबर होतं, हेही.

"मग हे इथे लिहून का लावत नाही?" तो म्हणाला.

"माझ्या हातात नाही ते."

"मग मला कशाला सांगता? तुम्हीही त्यांच्यातल्याच." त्याने तोंड फिरवलं. त्याचं काही चुकलं नव्हतं.

मुलीला कुणी त्रास दिला नाही. पण मी तिचं पुस्तक मीटिंगमध्ये नेलं हे तिला कळलं. उरलेलं वर्ष ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. निकाल चांगला लागला, तो तिने आधी बाबांना फोन करून सांगितला.

नोकरी मी सोडली नाही. सोडून संचालकाला आनंद द्यायचा नव्हता. एवढंच केलं, की माझ्या हातून जाणाऱ्या प्रत्येक नमुन्यात आडव्या रेघांत 'नमुना' हा शब्द कोरायला लागले. स्टिकर उभा-आडवा फिरवला की तो ठळक उमटतो, आणि नमुन्यावरून नक्कल केली तर तिच्यातही उतरतो. मालकांनी कुरकुर केली, पण तोवर त्यांनाही संचालकाची खात्री उरली नव्हती.

यंदा नव्या डिझाइनचे नमुने संचालकाकडे गेले, तेव्हा त्याचा फोन आला. मालकांनी तो स्पीकरवर टाकला.

"यावर काय लिहिलंय हे? मला शब्दाशिवाय हवेत."

मालकांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवून नाही म्हटलं.

"बघतो, सर," ते फोनवर म्हणाले, आणि माझ्यावर नजर रोखूनच त्यांनी तो खाली ठेवला.