कमळाबाईंचं मत

खरवईत महेंद्रशेटला ओळखत नाही असा एक तरी माणूस शोधून दाखवा! रेती-विटांचा धंदा, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि आवाज असा की झेंडावंदनाला याच्या हातात माईक उगाच दिला असं वाटावं. गावच्या जमिनी गेल्या, बिल्डिंगा उभ्या राहिल्या, त्यांत बाहेरची माणसं राहायला आली आणि शेटला आयते श्रोते मिळाले. दर सव्वीस जानेवारीला विषय ठरलेला. "मत हा आपला हक्क आहे! जो मत देत नाय, त्याने देशाचं नावच घेऊ नये!" टाळ्या पडायच्या. खोटं कशाला बोला, भाषण चांगलंच व्हायचं.

मतदानाला तर स्वारी लग्नाला निघाल्यासारखी नटायची. आधी स्वतःचं मत, मग आई कमळाबाईंचं. "आईला दिसत नाय, मी सोबतीला," असं टेबलावर सांगून हा पठ्ठ्या सही ठोकायचा आणि पुठ्ठ्याच्या आडोशाला जाऊन आईचं बटण आपणच दाबायचा. स्वतःच्या मताची शाई डाव्या बोटाला, सोबत्याची उजव्या. मग दोन्ही बोटं नाचवत गावभर फिरायचा. कमळाबाईंना मोतीबिंदू होता, नाही असं नाही. पण शेजारणीची कोंबडी आपल्या परसात शिरली की त्यांना ते ओटीवरून बरोबर दिसायचं. मत कुणाला द्यायचं ते भावकीच्या बैठकीत ठरायचं, आणि म्हातारीला त्यातलं काय विचारायचं, असं सगळेच धरून चालायचे.

यंदा मात्र घोळ झाला. दिवाळीच्या आधी शेटनेच हौसेने आईच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन करून घेतलं होतं, वर गावात पेढे वाटले होते. मतदानाच्या रांगेत कमळाबाईंनी पुढच्या भागीरथीला हटकलं, "अगो, तुज्या पोलक्याची शिवन उसवलीय बग." भागीरथी हसली, "काय गो बाय, म्हातारीचे डोले घारीचे झाले!" अख्खी रांग हसली. शेटही हसला.

आणि टेबलापाशी पोचल्यावर त्याच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "आईला दिसत नाय, मी सोबतीला."

टेबलामागच्या बाई शाळेतल्या शिक्षिका असाव्यात. त्यांनी शेटकडे बघितलंच नाही. "आजी, खरंच दिसत नाही का? दिसत असेल तर तुम्ही स्वतःच द्यायचं हं."

शाई लावून घेणारी भागीरथी मान वळवून बघत राहिली. मागे नव्या बिल्डिंगमधला विनीत उभा होता. जानेवारीत भाषण झाल्यावर शेटचा हात हातात घेऊन, "काका, डोळे उघडलेत आमचे," म्हणणारा तोच. शेटचे कान तापले. आता आई 'दिसतं' म्हणाली तर आपण भरसभेत खोटारडे, एवढंच त्याला सुचलं. आईच्या मताचा विचार तेव्हाही त्याच्या मनात आला नाही.

कमळाबाईंनी पोराचा उतरलेला चेहरा बघितला. मग बाईंना म्हणाल्या, "नाय गो बाय. मना काय दिसत नाय."

कुणी हसलं असतं तर परवडलं असतं. कुणी हसलं नाही. विनीतने मोबाईलमध्ये डोकं घातलं. शेटने मान खाली घालून सही केली. जी आई जन्मभर कधी खोटं बोलली नाही, तिला आपण चारचौघांत खोटं बोलायला लावलं, या लाजेने तो मेल्याहून मेल्यासारखा झाला.

आडोशाला गेल्यावर तो हळूच म्हणाला, "आये, आज तूच दाब."

"मी कशी दाबू? दिसत नाय बोललंय ना मी! आता दाबलं तं आनखी येक खोटं."

"मग सांग, कुणाला देऊ?"

कमळाबाई मशीनकडे वाकल्यासुद्धा नाहीत. "वरशी तिसरा."

वरून तिसरा! शेट चपापला. भावकीचा माणूस पाचव्या नंबरावर होता. त्याने तिसरं बटण दाबलं. मशीन लांबलचक वाजलं.

"आये," तो म्हणाला, "हे कदी ठरवलंस तू?"

"दर येली ठरवूनच येतंय रं बाला," कमळाबाई म्हणाल्या. "तू कदी इचारलंस नाय."