टाकव्याच्या डोंगरावरून एक हाळी

"सुमे, टाकव्याला जाऊन येऊ."

आप्पा हे म्हणाले तेव्हा मी पिशवीतून भाजी काढत होते, आणि "काय म्हणालात?" असं मला पुन्हा विचारावं लागलं. आप्पा म्हणजे माझे वडील. त्यांच्या घशात गाठ निघाली होती आणि पुढच्या आठवड्यात ऑपरेशन होतं. डॉक्टरांनी समोर बसवून स्वच्छ सांगितलं होतं की जीव वाचेल, पण आवाज बहुतेक राहणार नाही. त्यावर आप्पा घरी येईपर्यंत चकार शब्द बोलले नव्हते, आणि आता एकदम हे.

"आत्ता? कशाला?"

"दस्तूला हाळी द्यायची हाय. एक शेवटची."

हाळी म्हणजे डोंगराच्या एका अंगाहून दुसऱ्या अंगाला मारलेली लांब हाक. आप्पांचं लहानपण टाकवे बुद्रुकच्या वरच्या एका वाडीत गेलं. दस्तगीरभाई त्यांचे दोस्त, समोरच्या डोंगरावर राहणारे. मधे खोल दरी. गुरं वळवायची वेळ झाली की हा इकडून हाळी द्यायचा, तो तिकडून. आप्पा पुढे चिंचवडच्या कारखान्यात लागले, निगडीला राहायला आले, आणि हाळी राहिली ती राहिलीच.

डोळे भरून आले हे खरं, पण मी पडले ब्लॉगवाली! दुसऱ्या मिनिटाला डोक्यात बेत शिजायला लागला. माझी लेक जुई पंधराची आहे. तिच्या तळहाताला मोबाईल चिकटूनच ती जन्माला आली असावी असा मला दाट संशय आहे. आजोबांचं खरंखुरं लहानपण तिला दाखवू, जरा डोळे उघडतील, असा माझा डाव. जुईची अट एकच होती, एक दिवस लोणावळा हवं. झालं, दोन दिवस ठरले.

गाडी नको, लोकलनंच जायचं, हा आप्पांचा हट्ट. आकुर्डीहून लोणावळा लोकल पकडली. तिकीट इतकं स्वस्त आहे की तेवढ्यात हल्ली धड चहा मिळत नाही. फक्त दुपारी गाड्यांना मोठा खंड असतो, तेव्हा वेळ बघूनच निघा. देहूरोड, बेगडेवाडी, घोरावाडी, प्रत्येक स्टेशन यायच्या आधी आप्पांचे ओठ हलायचे. नोकरीच्या सुरुवातीला ते याच गाडीनं रोज ये-जा करायचे. नवरात्राच्या आधीचे दिवस होते. तळेगाव सुटलं आणि खिडकीबाहेर भातखाचरं सुरू झाली. भात पोटरीला आलेलं, डोंगरांच्या अंगावर सोनकीच्या फुलांची पिवळी शाल. मी "जुई, बाहेर बघ!" म्हणून ओरडले. तिनं बघितलं, फोटो काढला, आणि पुन्हा मान खाली.

लोणावळ्यात राहायचं तर आडवारी या. शनिवार-रविवारच्या निम्म्या भाड्यात खोली मिळते. दरीच्या पॉइंटवर जायला रिक्षावाले जाऊन-येऊनचा एकच भाव सांगतात. थोडी घासाघीस करा, राग मानत नाहीत. वर गरम कांदाभजी आणि भाजलेलं कणीस मस्त. आणि ती दरी! बाई गं! कडा एकदम तुटतो आणि खाली नुसतं हिरवं खोल खोल. ढग आपल्या पायाखालून चालतात. कितीही वेळा बघा, छातीत एकदा धस्स होतंच.

कठड्याशी एक कॉलेजचा घोळका प्रतिध्वनी ऐकायला बोंबलत होता. जुईनं विचारलं, "आजोबा, हीच का हाळी?"

"हे वराडणं झालं."

"मग तुम्ही देऊन दाखवा ना."

"हितं? पल्याड कोन हाय ऐकाया?"

कुणी ऐकणारं असेल तरच हाळी द्यायची, ही गोष्ट माझ्याही डोक्यात तेव्हा पहिल्यांदा शिरली.

पण गप्प बसेन तर ती मी कसली! कणीस खाता खाता माझी नेहमीची टेप सुरू झाली. आमच्या लहानपणी असं नव्हतं. आम्ही दिवेलागणीपर्यंत अंगणात लगोरी खेळायचो, मैत्रिणीला भेटायचं तर दारात जाऊन हाक मारायचो, सुट्टीत गावाला गेलं की कुणाचा पत्ता कुणाला नसायचा. काय सुखाचे दिवस होते!

"मम्मी, तुला तुझं लहानपण आवडतं, मला माझं आवडतंय," जुई म्हणाली. "तू सारखी मधे का येतेस?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात आप्पा म्हणाले, "सुमे, लय ग्वाड करून सांगू नगंस." त्यांना बोलायला त्रास होत होता, पण त्यांनी हातानं मला थांबवलं. "माझी थोरली बहीण बाळंतपनात अडली. समोरच्या वाडीत सुईन व्हती. बानं हाळी दिली. वारं उलटं व्हतं. पुन्ना दिली, पुन्ना दिली. कुनाला ऐकूच गेली न्हाई. मग पळत गेला दरीतनं."

"आणि?" जुईनं विचारलं.

आप्पांनी नाही अशी मान हलवली. मग तिच्या फोनकडे बोट करून म्हणाले, "हे तवा असतं तर..."

माझ्या हातातलं कणीस गार झालं. ही आत्या मला ठाऊकच नव्हती. इतकी वर्षं मी या माणसाच्या लहानपणाच्या गोड गोष्टी लोकांना सांगत आले, आणि यातलं मला काहीच माहीत नव्हतं. रात्री जुई तिच्या आजोबांच्या पलंगावर पाय मुडपून बसली आणि त्यांना मोबाईलवर मराठीत टाईप करायला शिकवू लागली. पुढे लागेल म्हणून, असं काही ती बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या लोकलनं कान्हे स्टेशन गाठलं. मधे मळवलीला उतरून भाजे लेणी करता येतात, पण पायऱ्या आप्पांना झेपणार नव्हत्या. कान्ह्याहून टाकव्याला शेअर रिक्षा मिळते, माणसं भरली की सुटते. टाकव्यात वडापाव खाल्ला. बरोबरची तळलेली मिरची चुकवू नका. एका बाजूला कारखान्यांची फाटकं, दुसऱ्या बाजूला इंद्रायणी तांदळाची खाचरं, असं हे गाव आहे. तिथून वर वाडीला एक जीप ठरवली. रस्ता अर्धा डांबरी, अर्धा रामभरोसे. पावसाळ्यात स्वतःची छोटी गाडी नेऊ नका, हे माझं प्रेमाचं सांगणं.

आप्पांच्या घराच्या जागेवर आता कुणाचा तरी बंगला आहे, तारेचं कुंपण आणि "आत येऊ नये" ही पाटी. मला वाटलं आता ते हळवे होणार. छे! त्यांनी तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. काठी टेकत सरळ कड्यावर गेले.

आणि मी कड्यावर पोचले तेव्हा माझी बडबड आपोआप बंद झाली. लोणावळ्याची दरी सुंदर आहे, पण ती बघायची दरी. ही दरी राहत्या घरासारखी होती. खाली ओढ्याची चमकती रेघ, पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेली खाचरं, त्यांच्यावरून सरकणारी ढगाची सावली, आणि थेट समोर, इतक्या लांब की माणूस दिसणार नाही, दस्तगीरभाईंची वाडी. एवढ्या मोठ्या पोकळीत माणसानं हाक मारायची हिंमत तरी कशी केली असेल!

"आमच्या आईचा आवाज बारीक," आप्पा जुईला सांगत होते. "तिला हाळी जमायची न्हाई. मी हितनं हाळी दिली की ती घरातनं परात वाजवायची. म्हंजी ऐकलं, भाकरी तव्यावर हाय, घरला ये."

मी दस्तगीरभाईंच्या घरी फोन लावला. सुनेनं उचलला.

"अब्बा खळ्यावर बसल्यात," ती म्हणाली. "पन त्यास्नी फोनवर काय बी कळत न्हाई बगा. तुमी हाळीच द्या."

काय गंमत! मी हसले, आणि जुई माझ्यापेक्षा जोरात हसली.

आप्पांनी काठी माझ्याकडे दिली. दोन्ही तळहात तोंडापाशी नेले, छाती भरून घेतली, आणि हाळी दिली.

आवाज आलाच नाही. घसा खरवडल्यासारखं काहीतरी आलं, तेही आमच्याच पायाशी पडलं. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. मग खोकल्याची उबळ आली आणि ते खाली दगडावर बसले. मला त्यांच्याकडे बघवेना. इतक्या लांब आलो, आणि आता तो म्हातारा पलीकडे कान लावून बसला असेल. मी म्हटलं, "राहू द्या आप्पा, आपण जीपनंच जाऊ त्यांच्याकडे." त्यांचे डोळे भरले होते. माझ्या आईच्या दिवसकार्यातसुद्धा मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

जुईनं स्वतःचा मोबाईल माझ्या हातात कोंबला. "धर हा," म्हणाली, आणि आजोबांच्या समोर उकिडवी बसली. "आजोबा, मला शिकवा."

त्यांनी माझ्याकडून काठी परत घेतली. मग तिच्या पोटावर काठीचं टोक टेकवलं. "घशातनं न्हाई, हितनं. शब्द नगं टाकू, शब्द वाटंतच गळत्यात. वारं आपल्याकडनं तिकडं वळलं की त्याच्या पाठीवर टाक."

पहिली हाळी म्हणजे मांजराची शेपटी पायाखाली यावी तशी. ती स्वतःच लाजून हसली. पुढची जरा बरी. मग तिनं केस मागे सारले, पाठीला वारा लागेपर्यंत वाट पाहिली, आणि...

"होऽऽऽऽ!"

हा आवाज माझ्या पोरीचा? स्वयंपाकघरातून चार हाका मारल्यावर "हं" म्हणणाऱ्या पोरीचा? तो दरीवर गेला, सरळ गेला, कुठंच न अडखळता. मग सगळं शांत. आप्पांनी कानामागे हात धरला होता.

आणि समोरच्या डोंगरातून, बारीक, थरथरती, पण अगदी स्पष्ट हाळी आली. "ओऽऽऽ!"

आप्पा उठून उभे राहिले आणि काठीशिवायच दोन्ही हात वर करून हलवू लागले. पलीकडून कुणाला दिसणार होतं थोडंच! जुई रडतही होती आणि हसतही होती. आणि मी, फोनविरुद्ध अखंड प्रवचन झोडणारी मी, रेकॉर्ड करायला म्हणून हातातला जुईचाच फोन वर धरला, तर त्याला कुलूप! पासवर्ड बाईसाहेबांकडे. म्हणून मंडळी, व्हिडिओ नाही. माझ्या शब्दावर विश्वास ठेवा.

जीपनं दरीला वळसा घालून पलीकडे पोचायला बराच वेळ लागला. दस्तगीरभाई खळ्याच्या तोंडाशीच उभे होते, पांढरी दाढी, डोक्यावर टोपी. त्यांनी आप्पांना कवेत घेतलं आणि सोडेचनात.

"नाम्या, लेका, आवाज जरासुद्धा बदलला न्हाई तुजा! हाळी आली आन म्या सूनबाईला म्हनलं, ह्यो आमचा नामाच!"

आप्पांनी जुईचा हात धरून तिला पुढे केलं. "दस्तू, म्या न्हवं," ते कसंबसं म्हणाले. "ह्या पोरीनं."

दस्तगीरभाईंना ऐकू यायला दोनदा सांगावं लागलं. मग ते तिच्याकडे वळले. "व्हय व्हय," ते हळूच म्हणाले. "नाम्याची हाळी ऐकली तवा त्यो बी एवडाच व्हता की. पोरवयातलाच आवाज माज्या कानात हाय." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. सूनबाईंनी तांदळाच्या भाकरी आणि सुकटीची चटणी वाढली. निघताना इंद्रायणी तांदूळ बांधून दिला. पैसे विचारले तर रागावल्या. परतीच्या लोकलमध्ये आप्पा जुईच्या खांद्यावर मान टाकून झोपले, आणि तळेगाव गेलं तरी ती हलली नाही. मोबाईल तिच्या बॅगेतच होता. खरं सांगू? हातात असता तरी मला चाललं असतं.

ऑपरेशन झालं. गाठ निघाली, आवाज गेला. आता आप्पा शेजारच्या खोलीतून मला मेसेज करतात, "चहा." कधी कधी नुसतंच "सुमे". सुरुवातीला ते वाचून मला रडू फुटायचं. परवापर्यंत घरात सगळे फार हळू बोलत होते.

परवा संध्याकाळी मी भाकरीचं पीठ मळत होते. खाली पार्किंगमधून एकदम हाळी उठली. "होऽऽऽऽ!" जुई क्लासहून आली होती. वॉचमन खुर्चीतून उडाला, दोन मजल्यांवरच्या खिडक्या उघडल्या, सोसायटीच्या ग्रुपवर काय आलं असेल ते मी अजून उघडून पाहिलेलं नाही. मी गॅलरीकडे धावणार, तेवढ्यात आप्पा स्वयंपाकघरात आले. त्यांनी माझ्यासमोरची परात उचलली, पिठाचा गोळा ओट्यावर पालथा केला, हाताला लागली ती पळी घेतली आणि गॅलरीत जाऊन परात बडवायला लागले. ठण्! ठण्! ठण्! सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल अशी.

खालून जुईचं खळखळून हसणं आलं. परात वाजली म्हणजे भाकरी तव्यावर असायला हवी ना? मी डोळे पुसले आणि तवा ठेवला.